गेम आर्केड सुरू करताय? मशिनं सगळ्यात शेवटी घ्या

आर्केड काढायचं ठरलं की बहुतेक जण पहिली गोष्ट करतात ती म्हणजे मशिनं बुक करणं. मग जागा शोधतात, मग मशीन दारातून आत जात नाही हे कळतं, मग विजेचा लोड पुरत नाही, आणि सगळं मांडून झाल्यावर परवान्याची चौकशी सुरू होते. यातली प्रत्येक गोष्ट करावीच लागते, पण या क्रमाने केली की प्रत्येक पायरीवर आधीच्या पायरीचे पैसे बुडतात. म्हणून खालचे टप्पे क्रमाने घ्या आणि एक पुरा झाल्याशिवाय पुढच्यावर खर्च करू नका.

## टप्पा १ : हिशेब पैशांत नको, खेळांत मांडा

दर महिन्याला काहीही झालं तरी जाणारा खर्च एका कागदावर लिहा: भाडं, वीज, पगार, विमा, कार्ड सिस्टीमची फी, कर्जाचा हप्ता, दुरुस्ती. शेवटी एक ओळ अशी टाका जी बहुतेक जण विसरतात: जुनी मशिनं बदलण्यासाठी दर महिन्याला बाजूला ठेवायची रक्कम.

आता एका खेळाचा दर धरा आणि त्यातून कर, बक्षिसांचा खर्च आणि कोणाचा वाटा असेल तर तो वजा करा. उरलेल्या रकमेने महिन्याच्या खर्चाला भागा. येणारं उत्तर म्हणजे महिन्याला किती खेळ व्हायलाच हवेत तो आकडा.

समजा तो ९,००० आला आणि तुमच्याकडे १५ मशिनं असणार आहेत. ३० दिवसांनी भागलं की दिवसाला ३०० खेळ, म्हणजे मशिनामागे २०. एक खेळ साधारण ३ मिनिटांचा, पुढचा गडी येऊन बसेपर्यंत १ मिनिट; म्हणजे २० खेळांना ८० मिनिटं. सोपं वाटतं, आणि इथेच माणूस फसतो.

कारण आठवडा सारखा नसतो. निम्मा धंदा शनिवार-रविवारी होतो असं धरा. महिन्यातले ते ८ दिवस ४,५०० खेळ देणार, म्हणजे दिवसाला सुमारे ५६०. मशिनंही सारखी नसतात. कोणत्याही आर्केडमध्ये चार-पाच मशिनांभोवती घोळका असतो आणि बाकीची अधूनमधून चालतात. पाच मशिनांनी निम्मे खेळ उचलायचे म्हटलं तर प्रत्येकी ५६ खेळ, म्हणजे पावणेचार तासांच्या आसपास. गर्दीची वेळ संध्याकाळचे चार-पाच तास. म्हणजे या पाच मशिनांपुढे सबंध संध्याकाळ रांग असली तरच तुमचा खर्च भागतो, नफा वेगळाच.

हा हिशेब तुम्हाला घाबरवण्यासाठी नाही. तुमचं भाडं परवडणारं आहे का, हे करार करण्याआधी सांगणारं दुसरं साधन माझ्या माहितीत नाही.

तपासणी: खेळांचा आकडा निम्मा करून हिशेब पुन्हा करा. असे किती महिने तग धरता येईल? सहा महिन्यांचा स्थिर खर्च हाताशी नसेल तर मशिनांची संख्या कमी करा. शिल्लक रकमेला हात लावू नका.

पैसे कसे घेणार, हेही आताच ठरवा. प्रत्येक खेळाचे पैसे, की तासाचं तिकीट घेऊन सगळी मशिनं फ्री प्ले, म्हणजे नाणं न टाकता चालणारी? तासाच्या पद्धतीत नाणी-टोकन यांची कटकट जाते आणि जुने, अवघड खेळही लोक आवडीने खेळतात. पण बटणं आणि जॉयस्टिक जास्त झिजतात, आणि बक्षिसांची मशिनं (खेळल्यावर तिकिटं देतात, ती साठवून वस्तू घेता येते) त्यात बसवता येत नाहीत. ड्रायव्हिंगची मोठी मशिनं आणि बक्षिसांचे खेळ यांना खेळागणिक पैसे बरे. पुढे कार्ड रीडर, टोकन, वायरिंग, सगळं या निर्णयावर अवलंबून आहे.

## टप्पा २ : आधी परवानगी, मग भाडेकरार

इथे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. ते एकत्र करू नका.

पहिला: त्या जागेत करमणुकीचा व्यवसाय चालतो का? परवाना, आगीच्या वेळी बाहेर पडायची वाट, एका वेळी किती माणसं आत, मुलांच्या वयाचं आणि वेळेचं बंधन, शाळेपासूनचं अंतर, मशिनांची कमाल संख्या. ठिकाणागणिक नियम बदलतात, म्हणून स्थानिक कार्यालयात जाऊन लेखी उत्तर घ्या. जागामालकाचं ‘काही अडचण येत नाही’ हे वाक्य म्हणजे परवानगी नव्हे.

दुसरा: बक्षीस देणार का? बक्षीस आलं की तुमचं मशीन जुगाराच्या कायद्याच्या जवळ सरकतं. बाहुल्या उचलायचं क्लॉ मशीन आणि नाणी ढकलणारं पुशर ही दोन नेहमी वादात सापडतात, कारण निकाल कौशल्यावर ठरतो की नशिबावर, हा प्रश्न तिथेच उभा राहतो. काही ठिकाणी बक्षिसाच्या किमतीवर मर्यादा असते. रोख रकमेचं बक्षीस ठेवूच नका, आणि दिलेल्या वस्तू परत विकतही घेऊ नका.

तिसरा: त्या खेळाचे व्यावसायिक हक्क तुमच्याकडे आहेत का? सगळ्यात जास्त चुका इथे होतात. घरगुती कन्सोल आणि त्यावरचे गेम सामान्यतः वैयक्तिक वापराच्या परवान्यावर विकले जातात. दुकानात बसवून तासावर खेळायला देणं त्यात येत नाही. पीसी लावणार असाल तर स्टीमसाठी (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) व्हॉल्व्ह कंपनीचा पीसी कॅफेंचा वेगळा कार्यक्रम आहे. इतर कंपन्यांच्या अटी एकेक करून वाचा. आर्केडसाठीच बनवलेली मशिनं मात्र व्यावसायिक वापरासाठीच असतात.

‘एका बोर्डात हजारो गेम’ अशी जी स्वस्त बोर्डं मिळतात, त्यांतल्या गेमना मूळ कंपन्यांची परवानगी बहुधा नसते. विक्रेत्याने पक्कं बिल दिलं तरी तुम्हाला हक्क मिळत नाही. ते बिल एवढंच सांगतं की बोर्ड तुम्ही घेतलं.

सावधान: जपानहून आलेली काही नवी मशिनं कंपनीच्या नेटवर्कला जोडल्याशिवाय नीट चालत नाहीत. कोनामीचं ई-अम्युझमेंट किंवा सेगाचं ऑल.नेट यांच्याशी करार लागतो, आणि तो प्रत्येक देशात मिळत नाही. वापरलेलं मशीन स्वस्तात मिळतंय म्हणून मागवलं आणि ते सुरूच झालं नाही, तर हाती उरतं ते नुसतं लोखंड.

पार्श्वसंगीत वाजवणार असाल तर त्याचाही परवाना वेगळा लागतो.

## टप्पा ३ : जागा टेपने मोजा

उभं कॅबिनेट साधारण १०० ते १५० किलोंचं. दोन सीटचं ड्रायव्हिंग मशीन त्याहून कितीतरी जड. ट्रक थांबतो तिथपासून मशीन बसणार त्या कोपऱ्यापर्यंतची वाट चालत जा आणि प्रत्येक दार, वळण, पायरी, लिफ्ट मोजा. त्यातली सर्वांत अरुंद जागा हीच तुमची मर्यादा. निर्मात्याकडून पॅकिंगसह मापं मागवा आणि मशीन सुटं होतं का, किती तुकड्यांत, तेही विचारा. तळमजला मिळत असेल तर थोडं भाडं जास्त द्या. वरच्या मजल्यावर जाणार असाल तर जमिनीची भार पेलण्याची क्षमता अभियंत्याकडून तपासून घ्या.

मग जमिनीवर रंगीत चिकटपट्टीने प्रत्येक मशिनाचा चौकोन आखा. नुसता मशिनाचा चौकोन पुरत नाही; खेळणारा कुठे उभा राहील, त्याच्या मागे बघे कुठे थांबतील, आणि त्यांच्याही मागून बाकीचे कसे जातील, हेही आखा. माझा अंदाज असा की मशिनाच्या बुडाच्या तिप्पट-चौपट जागा प्रत्यक्षात लागते. डान्स मशिनाला याहून जास्त, कारण एक जण नाचतो आणि दहा जण बघतात.

बंदुकीच्या खेळांसाठी खिडक्यांकडे लक्ष द्या. यातली बरीच मशिनं इन्फ्रारेडवर नेम ओळखतात, आणि थेट ऊन पडलं की नेम भरकटतो. दुपारी चारला जागेत जाऊन ऊन कुठपर्यंत येतं ते पाहा.

तपासणी: करारावर सही करण्याआधी तीन वाक्यं त्यात आहेत ना? परवाना नाकारला गेला तर करार रद्द. विजेचा लोड वाढवायचा खर्च कोणाचा. आवाजाची तक्रार आली तर जबाबदारी कोणाची.

## टप्पा ४ : वीज आणि गारवा

हा टप्पा लोक वायरमनवर सोडून देतात. वायरमन चांगला असला तरी आर्केडचं काम त्याने कधी केलेलं नसतं, त्यामुळे आकडे तुम्हीच त्याच्या हातात द्यायला हवेत.

प्रत्येक मशिनाच्या पाटीवरचे वॅट लिहून घ्या. साधं एलसीडी कॅबिनेट साधारण १५० ते ३०० वॅट घेतं. हलणाऱ्या सीटचं मशीन याच्या कित्येक पट. सरासरी २५० धरली तर १५ मशिनांचे पावणेचार किलोवॅट झाले. सगळी एकदम चालू केली की सुरुवातीचा झटका यापेक्षा बराच मोठा असतो, म्हणून मशिनं तीन-चार गटांत वाटा आणि प्रत्येक गटाला स्वतंत्र एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप उडणारा स्विच) द्या. सकाळी एकेक गट चालू करायचा.

आता एक गोष्ट, जी कळेपर्यंत लोक महिनोन्‌महिने हैराण होतात. प्रत्येक मशिनाच्या पॉवर सप्लायमधला फिल्टर थोडासा करंट अर्थिंगकडे सोडतो, अगदी एक-दोन मिलिअँपिअर. मशीन बिघडलेलं नसतं, त्याची रचनाच तशी असते. पण जीव वाचवणारा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) ३० मिलिअँपिअरचा असतो, आणि तो १५च्या पुढे कुठेही उडू शकतो. एका आरसीसीबीवर पंधरा मशिनं टाकली की कधीही, काहीही कारण नसताना, अख्खं आर्केड अंधारात जातं. मग कोणीतरी ‘तो काढूनच टाका’ असा सल्ला देतो. तो मुळीच ऐकू नका. धातूच्या कॅबिनेटला घामेजल्या हातांनी मुलं टेकतात. आरसीसीबींची संख्या वाढवा, आणि एकावर सहा-सातपेक्षा जास्त मशिनं देऊ नका.

सावधान: जपानी मशिनं बहुधा १०० व्होल्टची असतात. २३० व्होल्टच्या देशात ती थेट लावली की एका क्षणात पॉवर सप्लाय जातो. योग्य क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावा आणि त्या प्लगवर ठळक अक्षरांत ‘फक्त १०० व्होल्ट’ असं लिहा. एक्स्टेन्शन बोर्डाला दुसरं एक्स्टेन्शन जोडू नका.

गारव्याचं गणितही सोपं आहे. मशीन जेवढी वीज खातं, तेवढी जवळजवळ सगळी उष्णता होऊन खोलीतच राहते. पावणेचार किलोवॅट मशिनांचे. माणसामागे सुमारे १०० वॅट धरले तर ३० जणांचे आणखी ३. एक टन एसी साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो, म्हणजे छत आणि उन्हाचा हिशेब धरण्याआधीच दोन टन लागले. मशिनाच्या पाठीमागे भिंतीपासून १५ सेंटिमीटर तरी जागा सोडा. मशीन तापलं की बोर्ड आधी अडखळतं, मग मरतं.

## टप्पा ५ : आता मशिनं

हिशेब, परवानगी, मापं, वीज हातात आली. आता बाजारात जा. नवी मशिनं हाताळून बघायची असतील तर ओरलँडोमध्ये नोव्हेंबरात भरणारं आयएएपीए या करमणूक उद्यानांच्या संघटनेचं प्रदर्शन, लंडनचं ईएजी, दुबईचं डील अशी व्यापारी प्रदर्शनं असतात. चीनमध्ये ग्वांगझोचा पान्यू भाग या मशिनांच्या कारखान्यांसाठी ओळखला जातो. तिथून मागवताना सुटे भाग, मॅन्युअल आणि खेळाच्या हक्कांची कागदपत्रं ऑर्डरीतच लिहून घ्या.

पहिल्याच दिवशी सगळी जागा भरू नका. ठरवलेल्यांपैकी दोन तृतीयांश घ्या. उरलेल्या जागेसाठी एखादा ऑपरेटर मिळतो का बघा. तो आपलं मशीन ठेवतो, दुरुस्ती तो करतो, आणि उत्पन्न वाटून घेतलं जातं, पुष्कळदा निम्मं-निम्मं. नवख्याला कोणतं मशीन चालेल हे कळत नसतं, त्यामुळे सुरुवातीला हा सौदा मला विकत घेण्यापेक्षा चांगला वाटतो.

वापरलेलं मशीन घेताना हा क्रम पाळा:

१. विक्रेत्याला आधीच सांगा: मशीन बंद ठेव, मी आल्यावर चालू कर. गरम असताना चालणारं आणि थंड असताना अडणारं मशीन असं पकडता येतं.

२. चालू करून तासभर तसंच ठेवा. पडदा थरथरतो का, रंग उतरतात का, जळका वास येतो का?

३. टेस्ट मेन्यूत जाऊन प्रत्येक बटण, जॉयस्टिकच्या सगळ्या दिशा, स्टिअरिंग, पेडल, स्पीकर, नाण्याचा स्विच एकेक करून तपासा. नुसता खेळून बघितलेला खेळ म्हणजे तपासणी नव्हे.

४. जुन्या जाम्मा बोर्डावर (जाम्मा म्हणजे जुन्या आर्केड मशिनांच्या जोडणीचा ठरलेला नमुना) ५ व्होल्टची लाइन मल्टिमीटरने मोजा, बोर्ड चालू असताना आणि बोर्डाजवळच. ५च्या बरीच खाली असेल तर खेळ मध्येच रिसेट होऊ शकतो.

५. बोर्डावरची जुनी बॅटरी पाझरली आहे का ते टॉर्चने पाहा. हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर खालच्या तांब्याच्या रेषा खाल्लेल्या असतात.

६. सगळ्या कुलपांच्या किल्ल्या आणि मॅन्युअल ताब्यात घ्या.

सावधान: जुन्या काचेच्या ट्यूबवाल्या मॉनिटरमध्ये २०,००० व्होल्टच्या आसपास दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही तो उरतो. मागचं झाकण उघडून आत हात घालू नका. ते काम फक्त जाणकाराने, ट्यूब डिस्चार्ज करून करायचं.

## टप्पा ६ : मांडणी आणि सेटिंग

दारात असं मशीन ठेवा जे लांबून हलताना दिसेल. क्लॉ मशीन काउंटरच्या नजरेत, कारण ते हलवायचा प्रयत्न होतोच. छोट्यांची मशिनं एका बाजूला, आईबापांना बसायची जागा तिथेच.

आवाज सगळी मशिनं चालू ठेवूनच जुळवा. एकेकट्याचा जुळवलात तर प्रत्येक मशीन शेजाऱ्यावर ओरडतं. ८५ डेसिबल ही आठ तास काम करणाऱ्यासाठी धोक्याची रेघ मानली जाते, आणि ते आठ तास तुमचा कर्मचारी काढणार आहे. फोनवरच्या ॲपने गर्दीच्या वेळी मोजा. आकडा ढोबळ असेल, पण दिशा कळते.

काठिण्य वाढवलं की खेळ लवकर संपतात आणि पैसे जास्त येतात, असं गणित नवे मालक करतात. पहिल्यांदा आलेला मुलगा ४० सेकंदांत बाद झाला तर तो परत येत नाही. सुरुवातीला कारखान्याचंच सेटिंग ठेवा. नवख्याला किमान दीड-दोन मिनिटं खेळायला मिळालीच पाहिजेत, यावर मी ठाम आहे.

तिकिटांच्या मशिनांचं मात्र मोजून ठरवा. वेगवेगळ्या वयाच्या माणसांकडून १०० खेळ खेळून घ्या आणि सरासरी तिकिटं काढा. समजा खेळाचा दर १०० पैसे, सरासरी १२ तिकिटं, आणि एका तिकिटामागे तुमच्या खर्चाने २ पैशांची वस्तू जाते. म्हणजे २४ टक्के बक्षिसांत गेले. साधारण २० ते ३० टक्क्यांच्या आत ठेवा. त्याहून फार कमी केलं तर लोकांना लुबाडल्यासारखं वाटतं, आणि ते वाटणं बरोबरच असतं. पिनबॉल असेल तर टेबलाचा उतार ६.५ अंशांच्या आसपास आणि डावीकडून उजवीकडे अगदी सपाट.

लखलखत्या प्रकाशाने अपस्माराचा झटका येऊ शकतो, ही सूचना दारातच लावा.

## टप्पा ७ : गल्ला

मशिनाच्या आत नाण्यांचा मीटर किंवा इलेक्ट्रॉनिक नोंद असते. पैसे काढताना दोन माणसं हवीत: एक मीटर वाचेल, दुसरा मोजेल. आजचा आकडा वजा मागचा आकडा गुणिले दर. फरक आला की त्याच दिवशी कारण शोधा. बहुतेक वेळा नाण्याची यंत्रणा अडकलेली किंवा तांत्रिक तपासणीचे फुकट खेळ नोंदवायचे राहिलेले असतात. तपासणीचे खेळ वेगळ्या वहीत लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावली नाहीत, तर चांगल्या माणसावर संशय येतो.

## टप्पा ८ : दररोजची फेरी

रोज उघडण्याआधी प्रत्येक मशिनावर एक खेळ. बटण अडकतं का, पडदा, आवाज, तिकीट नीट बाहेर येतं का. तिकीट अडलं तर आधी सेन्सरवरची कागदाची धूळ पुसा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

हाताशी ठेवा: ३० मिलिमीटरची बटणं, मायक्रोस्विच, एक पूर्ण जॉयस्टिक, ५ आणि १२ व्होल्टचा पॉवर सप्लाय, योग्य मापाचे फ्यूज. उडालेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा घालू नका.

पुसायला सौम्य साबणाचं पाणी आणि मायक्रोफायबर फडकं. ॲक्रिलिकच्या काचेवर अल्कोहोल मारलं की बारीक चिरा पडून ती कायमची धुरकट होते.

मशीन बंद पडलं तर पाटी लावा, ग्राहकाचे पैसे वाद न घालता परत करा, आणि पाटीवर तारीख टाका. तारीख असली की ती पाटी तिथे महिनाभर लोंबकळत राहत नाही, कारण ती रोज तुमच्याच डोळ्यांपुढे येते.

## टप्पा ९ : पहिले तीन महिने

गाजावाजा न करता दोन आठवडे आधी उघडा. ओळखीच्यांना बोलवा, रांग कुठे अडते आणि कोणता एमसीबी उडतो ते पाहा. जाहिरात त्यानंतर.

दर सोमवारी मशिनागणिक खेळांची यादी करा. खालची तीन मशिनं विकायची घाई करू नका. आधी त्यांची जागा बदला. कोपऱ्यातलं मशीन दाराजवळ आणून दोन आठवडे ठेवा. मग दर बदलून दोन आठवडे. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. जागा आणि दर दोन्ही बदलूनही आकडा हलला नाही, तर ते मशीन विका आणि सुरुवातीला मोकळी ठेवलेली जागा आता कोणत्या मशिनाने भरायची, ते यादीतल्या वरच्या तीन नावांकडे बघून ठरवा.